मुलांच्या लघवीच्या मार्गाचं ऑपरेशन: कोल्हापूर भागातल्या पालकांसाठी धागा

मंगळवार पेठेतली आई

नमस्कार. माझा धाकटा दहा वर्षांचा आहे. गेल्या वर्षी त्याचं मूत्राशय मोठं करायचं ऑपरेशन झालं आणि बेंबीतून नळी घालून लघवी काढायची वाट तयार केली. हे सगळं ठरवताना मराठीत, आपल्यासारख्या घरातल्या माणसानं लिहिलेलं काही हाती लागलं नाही. डॉक्टरांनी वेळ देऊन समजावलं, पण ओपीडीतून बाहेर पडल्यावर सासूबाईंना, दिरांना आणि खुद्द पोराला कसं सांगायचं, हे आपलं आपल्यालाच बघायला लागतं. म्हणून धागा काढते आहे. जिल्ह्यात किंवा सांगली-बेळगाव बाजूला कोणाच्या घरी असं मूल असेल तर लिहा. मुलांची नावं आणि फोटो मात्र टाकू नका.

आमच्याकडे काय झालं ते आधी सांगते. जन्मतःच त्याच्या मूत्रमार्गात पडदे होते. फायलीवर पीयूव्ही लिहितात. हा आजार फक्त मुलग्यांना होतो. मूत्राशयाच्या तोंडाखाली पातळ पडदा असतो आणि लघवी अडते. बाळ पोटात असल्यापासून मूत्राशय त्या अडथळ्यावर जोर काढत राहतं, त्याची भिंत जाड होत जाते आणि मागे दोन्ही किडन्या फुगतात. जन्मल्यावर आठवड्याभरात दुर्बिणीनं पडदे काढले, धार सुटली, घरी पेढे वाटले. पडदा गेला तरी जाड झालेलं मूत्राशय तसंच राहू शकतं, ही गोष्ट आमच्या डोक्यात कोणी नीट भरवलीच नाही. पुढे पोरगं कायम ओलं असायचं. आम्ही ज्या दवाखान्यात दाखवायचो तिथे "पोरं करतातच अंथरुणात, होईल बंद" एवढंच उत्तर मिळायचं. पहिलीत गेल्यावरही दिवसा चड्डी ओली व्हायची आणि रात्री दोन-दोन चादरी.

शेवटी बालशल्यचिकित्सकांकडे गेलो. त्यांनी युरोडायनॅमिक नावाची तपासणी केली. बारीक नळीतून मूत्राशयात हळूहळू पाणी भरत जातात आणि आतला दाब मोजतात. मुलाच्या मूत्राशयात साधारण किती मावायला हवं याचं सोपं गणित आहे: वयात एक मिळवा आणि तीसनं गुणा, मिलिलिटरमध्ये उत्तर येतं. आठ वर्षांच्या मुलाला २७० मिलि. आमच्याकडे त्याच्या निम्मंही भरत नव्हतं आणि तेवढ्यातच दाब ४० सेंटिमीटरच्या वर जात होता (हा दाब पाण्याच्या उंचीत मोजतात). तो दाब ४० च्या वर टिकून राहिला की किडन्यांना धोका, हे त्या दिवशी कळलं. ओल्या चादरींची काळजी आम्ही इतकी वर्षं करत होतो, खरी काळजी किडन्यांची होती.

आधी गोळ्या आणि खालून नळी घालून बघितलं. दाब उतरेना. मग ऑपरेशन. आतड्याचा वीसएक सेंटिमीटरचा तुकडा रक्तपुरवठ्यासकट घेतला, उभा कापून पसरला आणि मूत्राशयाला वरून जोडला. अपेंडिक्सचं एक टोक मूत्राशयात आणि दुसरं बेंबीत उघडलं. यालाच मित्रोफानॉफ म्हणतात.

आता मुख्य मुद्दा, ज्यासाठी एवढं लिहायला घेतलं. ऑपरेशन करायचं की नाही हे डॉक्टर आणि तुम्ही मिळून ठरवालच. पण त्यानंतर दिवसातून पाच-सहा वेळा नळी घालायची आहे, रोज मूत्राशय धुवायचं आहे, आणि हे आयुष्यभर चालायचं आहे. घरात ते कोण करणार, आई आजारी पडली तर कोण, शाळेत कुठं, लग्नकार्यात कुठं, हे तारीख घ्यायच्या आधी ठरवा. आमच्या डॉक्टरांनी अटच घातली होती की आधी काही महिने वेळच्या वेळी नळी घालून दाखवा, मगच आतड्याला हात लावीन. तेव्हा राग आला होता. आता वाटतं, प्रत्येक डॉक्टरनं ही अट घालावी.

कागलकर

ताई, लई बरं केलंत धागा काढून. आमचं बाळ पाच महिन्यांचं आहे. लघवीचं भोक टोकाला नसून खाली आहे, धार खाली पडते. हायपोस्पेडियास लिहून दिलंय. आमची आई म्हणते, एवढ्याशा जिवाला भूल कशाला, दहा-बारा वर्षांचा झाला की बघू. पाव्हण्यांत एक जण म्हणतोय की सुंता केली की भागतंय. काय करू?

मंगळवार पेठेतली आई

कागलकर दादा, सुंता अजिबात करू नका! एवढं मला ठाऊक आहे. बाकीचं जाणकार सांगतील.

बालशल्य_सांगली

मी लहान मुलांचा सर्जन आहे. इथे बाळ न बघता उपचार सांगणार नाही, पण काही गोष्टी सगळ्यांना लागू आहेत त्या लिहितो.

कागलकर, सुंतेबद्दल ताईंनी बरोबर सांगितलं. नवा मूत्रमार्ग झाकायला पुढची कातडी लागते. ती आधीच काढून टाकली की आमचं काम अवघड होतं. हायपोस्पेडियास काही दुर्मीळ नाही, साधारण तीनशे मुलग्यांत एकाला असतो. ऑपरेशनचं नेहमीचं वय ६ ते १८ महिने. कारणं दोन. त्या वयात जखम चांगली भरते, आणि मुलाला पुढे काही आठवत नाही. दहा-बारा वर्षांच्या मुलाला ड्रेसिंग करून घेताना काय वाटतं, ते मी रोज बघतो. भूल देणारे डॉक्टर लहान मुलांची सवय असलेले हवेत, हा आग्रह मात्र जरूर धरा.

भोक टोकाजवळ असेल तर बहुधा एकाच ऑपरेशनात होतं. १९९४ मध्ये स्नॉडग्रास यांनी मांडलेली पद्धत आज सगळीकडे वापरतात. भोक फार खाली असेल किंवा लिंग जास्त वाकडं असेल तर दोन टप्पे लागतात, मध्ये निदान सहा महिने. बारीक नळी आठवडाभर ठेवतात. दोन डायपर घालतात: आतल्याला भोक पाडून नळी बाहेर काढायची, म्हणजे शी आतल्यात आणि लघवी बाहेरच्यात. टाके विरघळणारे असतात.

फिस्टुला होऊ शकतो, म्हणजे नव्या मार्गाला बाजूनं बारीक छिद्र पडून दुसरी धार येते. ते पुन्हा बंद करता येतं, पण सहा महिने थांबून, कातडी मऊ झाल्यावर. पहिल्याच भेटीत डॉक्टरांना विचारा की तुमच्याकडे किती मुलांना फिस्टुला होतो. मोकळेपणानं उत्तर देणारा सर्जन निवडा.

अजून एक. दोन्ही गोट्या पिशवीत हाताला लागतात ना, ते तपासून घ्या. हायपोस्पेडियासबरोबर गोटी उतरलेली नसेल तर ऑपरेशनच्या आधी हार्मोन आणि गुणसूत्रांची तपासणी करावी लागते.

कागलकर

दोन्ही लागतात डॉक्टरसाहेब. आईला हे सगळं वाचून दाखवलं. दोन डायपरचं तिला पटलं, म्हणाली एवढी साधी युक्ती असेल तर जमंल.

कळंबा रोड

माझ्या बहिणीला आठवा महिना आहे. सोनोग्राफीत बाळाच्या डाव्या किडनीला सूज सांगितली. घरात रडारड चालू आहे. बाळाला जन्मल्या जन्मल्या ऑपरेशन लागेल का?

बालशल्य_सांगली

बहुतेक वेळा लागत नाही. पोटातल्या बाळांमध्ये किडनीला थोडी सूज दिसणं नेहमीचं आहे, आणि त्यातली बरीचशी जन्मानंतर आपोआप उतरते. एकाच बाजूला आहे, गर्भजल पुरेसं आहे आणि बाळाचं मूत्राशय नीट भरतं-रिकामं होतं, असं रिपोर्टात असेल तर बाळंतपण नेहमीसारखं होऊ द्या.

जन्मानंतरची सोनोग्राफी पहिल्या दोन दिवसांत करायची घाई नको. तेव्हा बाळाला लघवीच कमी होते, सूज दिसत नाही, आणि "सगळं नॉर्मल" असा चुकीचा दिलासा मिळतो. तीन दिवसांनंतर एक आणि महिन्या-दीड महिन्यानं दुसरी करा. पुढे सूज वाढत गेली तर डीटीपीए किंवा ईसी स्कॅन करून ती किडनी किती काम करते आणि लघवी खाली उतरते का ते बघतात. अडथळा पक्का झाला तर पायलोप्लास्टी. म्हणजे किडनीतून लघवीची नळी जिथे निघते तिथला अरुंद भाग कापून टाकायचा आणि चांगली टोकं जोडायची. अँडरसन आणि हाइन्स यांनी १९४९ मध्ये सांगितलेलं हे ऑपरेशन आजही तितकंच खात्रीचं आहे.

थांबून चालत नाही ते अशा बाळात: मुलगा आहे, दोन्ही किडन्या फुगल्यात, मूत्राशयाची भिंत जाड आहे, पाणी कमी आहे. धागा काढणाऱ्या ताईंच्या बाळासारखं. तिथे जन्मल्याबरोबर नळी घालून लघवी मोकळी करायला हवी, आणि बाळंतपणही बालशल्यचिकित्सक जवळ असलेल्या ठिकाणी हवं.

कळंबा रोड

एकाच बाजूला आहे, पाणी चांगलं लिहिलंय. खूप आभार. आता बहिणीला फोन करते.

अंगणवाडी ताई, भुदरगड

पैशाचं कोणी विचारलं नाही पण मनात सगळ्यांच्याच असतं, म्हणून लिहिते. राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रम २०१३ पासून आहे, अठरा वर्षांपर्यंतच्या मुलांसाठी. पथक अंगणवाडीत वर्षातून दोनदा येतं, सरकारी शाळेत एकदा. पाठीच्या कण्याचा जन्मजात दोष त्यांच्या यादीतच आहे. त्यातल्या बहुतेक मुलांना पुढे लघवीचा त्रास होतो. अडचण अशी की तपासणीच्या दिवशी आया पोराला नटवून आणतात आणि चड्डी काढू देत नाहीत. "मुलगा आहे, नीट आहे" म्हणतात. मग हायपोस्पेडियास, न उतरलेली गोटी कशी दिसणार? माझ्या अंगणवाडीत मी आयांना आदल्या दिवशीच सांगून ठेवते. पथकातल्या डॉक्टरांनी लिहून दिलं की जिल्ह्याच्या शीघ्र हस्तक्षेप केंद्राकडून पुढची वाट मिळते.

दुसरं, महात्मा जोतिराव फुले जनआरोग्य योजना. आता कुटुंबाला वर्षाला पाच लाखांपर्यंत. योजनेतल्या प्रत्येक दवाखान्यात आरोग्यमित्र बसतो, आधी त्याला गाठा. रेशनकार्ड, आधार आणि बाळाचा जन्मदाखला यांवरची नावं एकमेकांशी जुळतात का ते आजच बघा. वहिनीचं माहेरचं नाव एकीकडे आणि सासरचं दुसरीकडे, यात दिवस जातात. मंजुरी आल्याशिवाय पैसे भरून ॲडमिट होऊ नका, मागाहून योजनेत बसवणं अवघड जातं. ट्रस्टच्या मोठ्या दवाखान्यांत दहा टक्के खाटा निर्धन आणि दहा टक्के दुर्बल घटकांसाठी राखीव असतात. तिथल्या समाजसेवा अधीक्षकांना उत्पन्नाचा दाखला घेऊन भेटा.

फुलेवाडी

ताई, हे कागदाचं लिहिलंत ते सोन्यासारखं आहे. प्रिंट काढून बचत गटात देते.

राधानगरीचा

मी पालक नाही. मीच तो पोरगा. २६ वर्षांचा आहे. जन्मलो तेव्हा पोटाची खालची भिंत बंदच नव्हती, मूत्राशय उघडं बाहेर होतं. एक्स्ट्रोफी म्हणतात, तीस-पन्नास हजारांत एखाद्याला होतं. पहिलं ऑपरेशन मुंबईला झालं, त्यात कमरेची हाडं कापून जवळ आणली, मग पाय बांधून ठेवले. त्यानंतर बरीच झाली. अकराव्या वर्षी माझंही मूत्राशय आतड्यानं मोठं केलं आणि मित्रोफानॉफ केलं.

पालकांना माझं एकच सांगणं आहे, पोराला सगळं सांगा. माझ्या घरात "ते" एवढाच शब्द होता. "ते झालं का?" "पाव्हणे आलेत, ते नंतर कर." मी नववीपर्यंत समजत होतो की जगात असा मी एकटाच. मग वॉर्डात शेजारच्या खाटेवर माझ्यासारखाच एक पोरगा भेटला, रात्रभर बोलत बसलो. तेव्हाच डॉक्टरांनी सांगितलं की अपेंडिक्सची ही युक्ती पॉल मित्रोफानॉफ या फ्रेंच सर्जननं १९८० मध्ये जगासमोर ठेवली. त्याच्या आधी १९७२ मध्ये अमेरिकेत लॅपिडिस यांनी दाखवून दिलं होतं की नळी निर्जंतुकच हवी असं नाही, हात स्वच्छ धुऊन घातली आणि मूत्राशय वेळेवर रिकामं ठेवलं तरी किडन्या टिकतात. तोवर असल्या पोरांना पोटावर पिशवी चिकटवून जगायला लागायचं. हे ऐकलं आणि मला माझ्या नळीचा अभिमान वाटायला लागला. खरंच.

आज शिरोलीत नोकरी करतो. शिफ्टमध्ये साडेतीन-चार तासांनी बाथरूमला जातो, पाच मिनिटांचं काम. एका मित्राला माहीत आहे, सुपरवायझरला माहीत आहे. बाकी कोणाला सांगायची गरज पडली नाही.

मंगळवार पेठेतली आई

राधानगरीच्या दादा, तुमचं माझ्या लेकाला वाचून दाखवलं. त्याचा प्रश्न आहे, तुम्ही तालमीत जायचा का? आमच्या गल्लीत तालीम आहे आणि त्याच्या वयाची सगळी पोरं मातीत उतरतात. हा बाहेर उभा राहून बघतो.

राधानगरीचा

मला कुस्ती नको म्हणाले होते. पोहायला सांगितलं, मी नदीत पोहायचो. बेंबीला काही होत नाही, पाणी आत जात नाही. कुस्तीचं तुमच्या डॉक्टरांना विचारा. माझं वेगळं, माझी हाडं कापलेली.

बालशल्य_सांगली

पोहणं, सायकल, धावणं, क्रिकेट, सगळं चालतं. पोटावर आपटणं टाळायचं. मोठं केलेलं मूत्राशय भरलेलं असताना जोराचा मार बसला तर फाटू शकतं. म्हणून कुठलाही खेळ खेळायच्या आधी नळी घालून रिकामं करायचं. कुस्तीत अंगावर अंग पडतंच, तेव्हा मी स्वतः डाव-लढतीला परवानगी देत नाही. पण तालमीतल्या वस्तादांशी बोला. जोर, बैठका, दोरी चढणं हे किडन्यांची अवस्था बघून बऱ्याच मुलांना करू देतो. मुलाला आखाड्याच्या आत जाता आलं पाहिजे.

मंगळवार पेठेतली आई

दोरी चढणं म्हटल्यावर उड्याच मारल्यात त्यानं. पुढच्या तपासणीत विचारून वस्तादांना भेटते.

आजऱ्याचे गुरुजी

मी जिल्हा परिषदेच्या शाळेत शिक्षक. माझ्या वर्गात पाठीच्या गाठीचं, म्हणजे कण्याच्या जन्मजात दोषाचं, ऑपरेशन झालेली एक मुलगी आहे, तिलाही नळी घालावी लागते. शाळेनं नेमकं काय करावं ते कोणी सांगाल का? आमच्याकडे मुलींच्या स्वच्छतागृहाला कडी नव्हती, ती बसवून घेतली. पाण्याची बादली असते. पुढे?

मंगळवार पेठेतली आई

गुरुजी, कडीचा विचार तुम्ही आपणहून केलात, आम्हाला तो अर्ज देऊन करून घ्यावा लागला.

आमच्या शाळेत काय केलं ते सांगते. भिंतीला हाताच्या उंचीवर एक खुंटी, पिशवी अडकवायला. फरशीवर काही ठेवायचं नाही. साबण वेगळा. आणि घंटेची वाट न बघता वर्गातून उठून जायची परवानगी, सगळ्यांसमोर विचारावं न लागता. आमचा मुलगा बाईंच्या टेबलावर एक लाल खडू ठेवतो आणि जातो. आला की उचलतो. बाईंनीच सुचवलं हे.

त्याच्या पिशवीत बारा नंबरच्या दोन नळ्या, जेलीची ट्यूब, ओले टिश्यू, बदलायची चड्डी. स्वतःच घालतो. साबणानं हात धुतो, नळीच्या टोकाला जेली, बेंबीच्या घडीत टोक टेकवून खाली आणि किंचित मागे सरकवतो. सुरुवातीला जरासं अडतं, तिथे जोर करायचा नाही, श्वास सोडायचा. मग एकदम लघवी येते. थांबली की नळी लगेच ओढायची नाही. सावकाश, फिरवत, थोडी थोडी बाहेर. तळाशी साचलेलं तेव्हा निघतं. शेवटी शेवटी पातळ पेजेसारखं काही येतं, तो आतड्याचा चिकट स्राव. आतडं मूत्राशयाला जोडलं तरी आपला धर्म सोडत नाही, स्राव करतच राहतं. म्हणून रोज संध्याकाळी सलाइननं धुवायचं, पाणी स्वच्छ येईपर्यंत. धुतलं नाही तर नळी तुंबते आणि खडे होतात.

बाकी पालकांसाठी प्रवासाचं एक सांगते. ऑपरेशन करून मुंबईहून परत येताना आतली नळी आणि पिशवी लावलेलीच होती, पहिले काही आठवडे ती काढत नाहीत. महालक्ष्मी एक्स्प्रेसला खालचाच बर्थ घ्या. पिशवी कायम मूत्राशयाच्या खाली लटकायला हवी. वरच्या बर्थवर मुलाशेजारी ठेवली तर लघवी उलटी जाते.

बालशल्य_सांगली

गुरुजी, पाठीच्या गाठीच्या मुलांना रबराची ॲलर्जी असायची शक्यता जास्त असते. तिच्या पालकांना विचारून घ्या. वर्गात वाढदिवसाला फुगे लावत असाल तर बंद करा. साधी वाटणारी गोष्ट आहे, पण प्रतिक्रिया जोरात येऊ शकते.

आणि लघवीच्या रिपोर्टाबद्दल सगळ्या पालकांना: नळी घालणाऱ्या मुलाच्या लघवीत जंतू जवळजवळ कायम सापडतात. कल्चर पॉझिटिव्ह आलं म्हणून दर वेळी अँटिबायोटिक देऊ नका. ताप, कंबरदुखी, उलट्या, लघवीला नेहमीपेक्षा वेगळा वास आणि त्याबरोबर पुन्हा ओलं होणं, असं काही असेल तर औषध. उगाच दिलेल्या औषधांनी जंतू निगरगट्ट होतात आणि खरी वेळ आली की काही लागू पडत नाही.

आतड्यानं मूत्राशय मोठं केलेल्या मुलांची दर वर्षी सोनोग्राफी, क्रिएटिनिन (किडन्या कशा चालतात ते सांगणारी रक्ततपासणी) आणि रक्तातल्या आम्लाची तपासणी करा. काही वर्षांनी बी-१२ सुद्धा. मूल ठणठणीत दिसतं म्हणून ही भेट चुकवू नका.

कागलकर

आमची तारीख मिळाली. बाळ नऊ महिन्यांचं होईल तेव्हा. आरोग्यमित्राला भेटून आलो, जन्मदाखल्यावर माझ्या नावात एक अक्षर चुकलंय, ते नगरपरिषदेत दुरुस्त करायला टाकलं.

फुलेवाडी

ताई, एक विचारायचं राहिलं. माझ्या भाच्याचंही मूत्राशय मोठं केलंय, गावाकडे असतो. रात्री-अपरात्री काही झालं तर कसं ओळखायचं? गावात डॉक्टर आहेत पण त्यांनी असं मूल कधी बघितलेलं नाही.

मंगळवार पेठेतली आई

पोट दुखून फुगलं, ताप आला, उलट्या होताहेत, किंवा नळी आत जातच नाही, यातलं एक जरी झालं तरी सकाळची वाट बघू नका. मूत्राशय फुटलेलं असू शकतं आणि अशा मुलांत ते सुरुवातीला साध्या पोटदुखीसारखं दिसतं. खालूनही नळी जात नसेल तर थेट मोठ्या दवाखान्यात.

आम्ही एक कार्ड लॅमिनेट करून ठेवलंय. एका बाजूला चार ओळी: मूत्राशय आतड्यानं मोठं केलं आहे, बेंबीत मित्रोफानॉफ आहे, नळी बारा नंबर, पोटदुखी असेल तर मूत्राशय फुटल्याची शंका आधी घ्या. दुसऱ्या बाजूला ऑपरेशनची तारीख, शेवटचं क्रिएटिनिन आणि सर्जनचा नंबर. एक दप्तरात, एक माझ्या पर्समध्ये, एक गावी सासूबाईंकडे. भाच्याच्या डिस्चार्ज कार्डाचा फोटो त्याच्या आईकडून मागवा, नाव-पत्ता झाकून मला मेसेज करा. मी मजकूर करून देते, मग त्यांच्या सर्जनकडून सही-शिक्का घ्या.